जुन्या स्विफ्टची डुप्लिकेट चावी दार उघडते पण इंजिन चालू होत नाही, का आणि आता काय करायचं

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांची २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, दोन चाव्यांपैकी एक गेल्या वर्षी हरवली, उरलेली इतकी घासलीये की इग्निशनमध्ये दोन-तीनदा हलवल्याशिवाय फिरत नाही. स्टँडजवळच्या चावीवाल्याकडून तीनशे रुपयांत डुप्लिकेट करून घेतली, तिनं दारं उघडतात, डिकी उघडते, इग्निशनमध्ये पण फिरते, सेल्फ मारतो, पण इंजिन पकडत नाही. सर्व्हिस सेंटरनं पूर्ण लॉकसेटचा (म्हणजे गाडीची सगळी कुलपं आणि चाव्या नवीन) मोठा आकडा सांगितला आणि ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन म्हणतोय की इमोबिलायझरच (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी सिस्टिम) काढून टाकू, कायमची कटकट जाईल. तर यातलं काय करू, असं विचारलंय.

इलेक्ट्रिशियनचं ऐकू नका, का ते खाली सांगतो. आणि तुमच्याकडे अजून एक चालणारी चावी आहे, म्हणजे काम सोपं आहे, पण ते याच आठवड्यात उरकून घ्या. ही उरलेली चावी इग्निशनमध्ये तुटली किंवा हरवली तर हेच काम तिप्पट-चौपट अवघड होतं, हे मी दर महिन्याला डोळ्यांनी बघतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या चाव्या आणि ईसीएमचं (ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) काम करतो, बावीस वर्षं झाली. त्याआधी वडिलांचं कुलूप-चावीचं काम होतं, कानस आणि हातानं चालवायचं मशीन, त्यावर पद्मिनी, अँबेसेडर, मारुती ८०० च्या चाव्या मी शाळेत असतानाच काढायला लागलो. त्या काळात चावी म्हणजे फक्त पातं. दात बरोबर पडले की गाडी चालू, विषय संपला. तुमच्या चावीवाल्यानं तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही, त्यानं पातं बरोबर काढलंय, दार उघडतंय हाच त्याचा पुरावा. पण तुमच्या गाडीला चावीत पात्याशिवाय अजून एक गोष्ट लागते आणि ती त्यानं घातलेली नाही.

तुमच्या स्विफ्टमध्ये आयकॅट्स नावाची सिस्टिम आहे, मारुतीनं आपल्या इमोबिलायझरला दिलेलं नाव. जुन्या चावीचं काळं प्लास्टिकचं डोकं असतं ना, त्याच्या आत एक बारीक चिप बसवलेली असते. कुठल्या गाडीत ती काचेच्या नळीसारखी, बासमतीच्या लांब दाण्याएवढी, तर कुठल्या गाडीत काळ्या चपट्या ठोकळ्यासारखी, हिंगाच्या खड्याएवढी. तिला सेल नसतो, वायर नसते, काही नसतं. इग्निशनच्या कुलपाभोवती, जिथं आपण चावी घालतो तिथंच प्लास्टिकच्या कड्यात तांब्याच्या तारेची कॉइल असते, तो अँटेना. चावी ऑन केली की ती कॉइल १२५ किलोहर्ट्झच्या आसपास (काही चिपना १३४ लागतं) फील्ड सोडते, चिप त्या फील्डमधूनच करंट घेते आणि आपला नंबर परत पाठवते. नंबर ओळखीचा निघाला तर ईसीएम इंजेक्टर आणि स्पार्क चालू करतं, नाही निघाला तर सेल्फ कितीही मारा, पेट्रोल सुटत नाही. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं म्हणून आपल्याला कधी जाणवतच नाही.

इथं एक गैरसमज इतका पसरलाय की लिहायलाच हवं. रिमोटचं बटण वेगळं आणि ही चिप वेगळी. रिमोटला सेल लागतो, तो दारं उघडतो-लावतो. चिपला सेल लागत नाही. त्यामुळं "रिमोटचा सेल गेला म्हणून गाडी चालू होत नाही" हे जुन्या, चावी घालून फिरवायच्या गाड्यांत जवळपास कधीच खरं नसतं. लोक सेल बदलत बसतात आणि दोष कॉइलच्या वायरमध्ये असतो.

आता एक सोपी टेस्ट सांगतो, घरी करून बघा, पैसे लागत नाहीत. नवीन चावी इग्निशनमध्ये घाला. जुनी चावी दुसऱ्या हातात धरा आणि तिचं काळं डोकं नवीन चावीच्या डोक्याला, कुलपाच्या कड्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं चिकटवून धरा. आता नवीन चावी फिरवा. गाडी चालू झाली तर समजा की पातं एकदम बरोबर आहे, कॉइल बरोबर आहे, ईसीएम बरोबर आहे, फक्त नवीन चावीत चिप नाही. शंभरातल्या बहुतेक केसेस इथंच सुटतात. चालू नाही झाली तर दोन शक्यता, एक म्हणजे नवीन चावीत कुठलीतरी भलतीच चिप बसवलीये आणि ती मध्ये बोलतेय, दोन चिप जवळ आल्या की कॉइलला दोघींचं बोलणं एकदम ऐकू येतं आणि ती गोंधळते. आणि दुसरं म्हणजे जुन्या चावीचं डोकं पुरेसं जवळ जात नाहीये. याच कारणामुळं एका रिंगमध्ये दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या ठेवू नका, "कधी चालू होते कधी होत नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत मी पहिल्यांदा चाव्यांचा जुडगाच बघतो.

टेस्टचं उत्तर "फक्त चिप नाही" असं आलं तरी तीच तीनशेची चावी पुढे वापरू नका असं माझं मत आहे. कारण ती तुमच्या घासलेल्या चावीवरून काढलीये. मशीनला एका बाजूला जुनी चावी लावायची, दुसऱ्या बाजूला ब्लँक (दात न पाडलेली कोरी चावी), जुनी जशी आहे तशीच नवीन उतरते, म्हणजे इतक्या वर्षांची झीज पण सोबत उतरते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. आज फिरते, पण आत पितळेच्या पातळ पत्त्या स्प्रिंगवर बसलेल्या असतात, प्रत्येक पत्ती ठरलेल्या उंचीला यायला हवी, झिजलेल्या चावीनं त्या अर्धवट उंचीला येतात आणि आपण जोर लावतो. एक दिवस चावी पिळते, त्यात ब्लँक स्वस्तातली मऊ असेल तर अर्धी आत तुटून राहते.

बरोबर पद्धत म्हणजे कोडवरून चावी काढणं. नवीन गाडीसोबत चाव्यांच्या जुडग्यात एक छोटी धातूची पट्टी येते, तिच्यावर नंबर असतो, तो चावीचा नंबर. वडिलांना विचारा, ओनर्स मॅन्युअलच्या पाऊचमध्ये, कपाटात आरसीच्या फाईलला, कुठंतरी ती पट्टी पडलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना ती काय आहे हेच माहीत नसतं, कुणी तर ती कीचेन समजून काढून टाकलेली असते. तो नंबर मिळाला की कॉम्प्युटरवाल्या मशीनवर कंपनीच्या मापाची चावी निघते, पहिल्या दिवशी होती तशी. नाही मिळाला तर कुलपावरून माप काढता येतं, त्यासाठी लिशी नावाचं एक टूल असतं, ते कुलपात घालून एकेक पत्तीची उंची वाचायची. आणि हे करताना ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप घ्यायचं नाही, ते पण झिजलेलं असतं. शेजारच्या सीटच्या दाराचं कुलूप असेल तर ते घ्यायचं, इतक्या वर्षांत तिथं चावी पन्नासदा पण गेलेली नसते. तुमचा कारागीर हे स्वतःहून करत असेल तर तो जाणकार आहे असं समजा.

कुलपात खोबरेल तेल घालायची सवय असेल तर बंद करा. पहिले चार दिवस छान फिरतं, मग त्यावर धूळ बसते आणि पत्त्या चिकटतात. ग्राफाईटची पावडर चिमूटभर, बास.

पात्यानंतर चिप. इथं दोन रस्ते आहेत आणि फरक समजून घेतलात तर कुणाला काय विचारायचं ते कळेल. पहिला रस्ता क्लोनिंग, म्हणजे जुन्या चावीच्या चिपचा नंबर वाचायचा आणि एका कोऱ्या चिपवर तोच लिहायचा. गाडीला कळतच नाही की दुसरी चावी आलीये, तिच्या लेखी एकच चावी आहे. गाडीला स्कॅनर (ईसीएमशी बोलणारं मशीन) लावायची गरज नाही, काम पंधरा-वीस मिनिटांचं. काही चिप साध्या असतात, नंबर वाचला की झालं, काही क्रिप्टोवाल्या असतात, गाडी प्रश्न विचारते आणि चिपला दरवेळी हिशोब करून उत्तर द्यावं लागतं, त्यांचं क्लोनिंग करायला गाडीचं आणि चिपचं बोलणं आधी रेकॉर्ड करावं लागतं, तरी बऱ्याच जुन्या चिपचं होतं. दुसरा रस्ता प्रोग्रॅमिंग, म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून गाडीला सांगायचं की ही नवीन चावी आजपासून घरातली. यात नवीन चिपचा स्वतःचा वेगळा नंबर गाडीच्या मेमरीत जातो.

तुमची एक चावी हरवलेली आहे, ती कुठं आहे माहीत नाही, म्हणून तुम्ही दुसरा रस्ता घ्या असं मी म्हणेन. क्लोन केली तर हरवलेली चावी गाडीच्या मेमरीत तशीच जिवंत राहते. प्रोग्रॅमिंग करताना जुन्या सगळ्या चाव्या पुसून फक्त हातातल्या दोन परत शिकवता येतात, मग हरवलेली कुणाला सापडली तरी तिनं इंजिन चालू होणार नाही. दार मात्र उघडेल, पातं तेच आहे ना. तेवढी पण भीती असेल, म्हणजे चावी घरच्या पत्त्यासकट किंवा नंबरप्लेटच्या कीचेनसकट हरवली असेल, तर दाराच्या कुलपातल्या पत्त्यांची जागा बदलून घेता येते, अख्खा लॉकसेट घ्यायची गरज नसते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांवर रागावू नका. त्यांची पद्धत ठरलेली असते, कुलूप झिजलंय म्हटलं की सेट बदला, त्यांना एकेक पत्ती काढून बसवायला वेळ नसतो आणि त्यावर वॉरंटी देता येत नाही. पण त्यांना एक प्रश्न नक्की विचारा, "नुसती चिपवाली चावी ऑर्डर करून रजिस्टर करून द्याल का आणि त्याचं वेगळं इस्टिमेट द्या". बऱ्याचदा लॉकसेटचा आकडा ऐकून माणूस परत फिरतो आणि नुसत्या चावीचा आकडा विचारलेलाच नसतो.

ही कल्पना आली कुठून ते पण थोडं सांगतो, मला स्वतःला हे फार आवडतं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९८६ मध्ये कॉर्व्हेट गाडीच्या चावीच्या पात्यातच एक रेझिस्टन्सचा दाणा बसवला. पंधरा वेगवेगळ्या व्हॅल्यू होत्या, ४०२ ओहमपासून ११,८०० ओहमपर्यंत, चावी घातली की गाडी तो रेझिस्टन्स मोजायची, चुकीचा असेल तर काही मिनिटं गाडी लॉक. साधा मल्टिमीटर लावला की कुठला दाणा आहे ते कळायचं, म्हणजे आजच्या हिशोबानं फारच सोपं, पण त्या काळी चोराला स्क्रूड्रायव्हर घालून गाडी पळवणं त्यामुळं अवघड झालं. पुढं रेडिओवाल्या चिप आल्या, आणि १९९८ पासून युरोपात नवीन कारना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडे ज्या गाड्या परदेशी डिझाईनच्या आल्या त्यांच्यासोबत ही सिस्टिम आली, म्हणून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत प्रत्येक कंपनीचा खाक्या वेगळा आहे.

जुन्या फियाट पालिओवाल्यांसाठी म्हणून लिहितो, कारण या गाड्या महाराष्ट्रात अजून जीव लावून सांभाळल्या जातात, मुंबईत कुर्ल्यालाच बनायच्या. त्यांच्या सिस्टिमला फियाट कोड म्हणतात आणि गाडीसोबत एक कोड कार्ड यायचं, त्यावर पाच आकडी इलेक्ट्रॉनिक कोड आणि चावीचा मेकॅनिकल कोड. ते कार्ड सोन्यासारखं जपा. चावीची चिप गेली तरी त्या पाच आकड्यांवर गाडी चालू करता येते आणि ते पण ॲक्सिलरेटरनं. चावी ऑन करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, इंजेक्शनचा दिवा काही सेकंद लागून विझतो, मग पाय काढायचा आणि दिवा लुकलुकायला लागला की मोजायचं, कोडचा पहिला आकडा आला की परत दाबायचा, दिवा विझेपर्यंत, असं पाचही आकड्यांचं. शेवटी दिवा वेगानं लुकलुकला की कोड स्वीकारला. एका डॉक्टरांची पालिओ आंबोली घाटाच्या पायथ्याला रात्री अडकली होती, मी फोनवर आकडे मोजायला सांगत होतो, पाचव्या प्रयत्नाला चालू झाली, कारण दर वेळी तिसऱ्या आकड्याला त्यांचा पाय अर्धा सेकंद उशिरा पडायचा. सुंदर व्यवस्था आहे, आजच्या गाड्यांत अशी दारं ठेवत नाहीत.

बाकीच्यांचं पटकन. जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आणि त्या घराण्यातल्या गाड्यांत इमोबिलायझर मीटरच्या कन्सोलमध्ये बसलेला असतो, चिप चुकीची असली की गाडी चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते, लोक गाडीतला फ्युएल पंप बदलून बसतात. म्हणून मीटर दुरुस्तीला देताना त्यातला डेटा सांभाळायला सांगा. होंडामध्ये मीटरमधली हिरवी चावी लुकलुकत राहिली की समजायचं चिप ओळखली नाही. ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांना सहा आकडी पिन लागतो, तीनदा चुकीचा मारला की तासभर थांबावं लागतं, आणि नवीन चावी शिकवताना घरातल्या सगळ्या चाव्या जवळ लागतात, जी त्या वेळी दाखवली नाही ती गाडी विसरते. टोयोटाच्या काही जुन्या मॉडेलमध्ये काळी मास्टर आणि करडी सब चावी असते, करडीनं गाडी चालते पण तिच्यावरून नवीन चावी शिकवता येत नाही, म्हणून रोज करडी वापरा आणि काळी घरात ठेवा. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन चालणाऱ्या चाव्या असतील तर तिसरी आपली आपण शिकवता येते, एकच असेल तर स्कॅनर लागतो आणि सिक्युरिटीसाठी दहा मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं, कारागीर मोबाईल बघत बसलाय म्हणून चिडू नका.

आता ज्या चुकीनं सगळ्यात जास्त लोक माझ्याकडे येतात ती. चावीचं कव्हर फुटतं, बटणाचं रबर फाटतं, माणूस रस्त्यावरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात शे-दोनशेत नवीन कव्हर टाकून घेतो. मागच्या पावसाळ्यात इचलकरंजीचे एक गृहस्थ, यंत्रमागाचा व्यवसाय, निपाणीला लग्नाला निघालेले, वाटेत कव्हर बदललं, गाडी चालूच होती, इंजिन बंद केलेलं नव्हतं कारण दुसरी चावी लावून कुणीतरी आत बसलेलं होतं. कव्हर बदललेली चावी खिशात ठेवून ते तसेच पुढं आले, वाटेत चहाला थांबले, इंजिन बंद केलं आणि दुसरी चावी भावाकडे देऊन त्याला बसनं घरी पाठवलं. परत गाडी चालू होईना. टो करून माझ्याकडे आणली रात्री दहाला. मी चावी उघडली, रिमोटची सर्किट प्लेट नव्या कव्हरमध्ये बरोबर बसवलेली, सेल नवीन, आणि चिपचा खळगा रिकामा. जुन्या कव्हरमध्ये चिप एका कोपऱ्यात गोंदानं चिकटवलेली असते, ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. सकाळी त्या दुकानात गेलो, दुकानदार भला माणूस, फुटक्या कव्हरांचा डबा टेबलावर उपडा केला, चाळीसएक कव्हरं असतील, आम्ही दोघं एकेक उघडून बघत बसलो आणि अर्ध्या तासानं ते सापडलं. कव्हरच्या कोपऱ्यात काळा ठोकळा तसाच चिकटलेला, वर थोडी धूळ. तो खळग्यात बसवला, गाडी पहिल्या सेल्फला चालू. तेवढ्यासाठी त्या माणसाचं लग्नाला जाणं चुकलं. म्हणून कव्हर कुणाकडूनही बदला पण समोर उभं राहून, आणि आधी विचारा, "यातली चिप कुठाय ते मला दाखव". दुकानदाराला सांगता आलं नाही तर चावी परत घ्या.

आता एकही चावी उरली नाही तर काय, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला घाई करा असं का म्हणतोय ते कळेल. पातं कुलपावरून निघतं. पण वाचायला चिपच नाही म्हणून क्लोनिंग संपलं, आणि गाडीला शिकवायचं तर पिन किंवा सिक्युरिटी कोड लागतो, तो ईसीएममध्ये असतो. काही गाड्यांत स्कॅनरनं बाहेरून वाचता येतो, काहींत ईसीएम काढून, खोलून, आतली आठ पायांची छोटी मेमरी चिप वाचावी लागते. सोल्डरिंग, मायक्रोस्कोप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात लावायच्या आधी जुन्या डेटाची कॉपी काढून ठेवणं. ही कॉपी न काढता लिहायला घेतलं आणि मध्येच लाईट गेली तर ईसीएम मेलं. बॅटरी उतरलेली असतानाच प्रोग्रॅमिंग करायला घेतल्यानं बिघडलेली ईसीएम मी बघितलीत, म्हणून काम सुरू करताना कारागीर बॅटरीला चार्जर लावतो का ते बघा, लावत नसेल तर तुम्ही सांगा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा हे काम मी किती केलं ते आठवलं तरी अंगावर येतं. सीटपर्यंत पाणी चढलेल्या गाड्या, ईसीएममध्ये चिखल. लोक बिचारे भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं जुनं ईसीएम आणायचे, लावायचे, आणि गाडी चालू व्हायची नाही. कारण त्या ईसीएमला दुसऱ्या कुणाच्यातरी चाव्या ओळखीच्या. जुनं ईसीएम घ्यायचंच असेल तर त्याच गाडीची चावी, इमोबिलायझरचा डबा आणि ईसीएम असा सेट घ्यायचा, नाहीतर आपल्या खराब ईसीएमच्या मेमरीतून डेटा काढून त्यात भरायचा. त्या आठवड्यात मी मेमरी चिप हेअर ड्रायरनं वाळवून, स्पिरिटनं पुसून वाचल्यात, आणि ज्या वाचल्या गेल्या त्यांच्या गाड्या आज पण फिरतायत.

इमोबिलायझर काढून टाकायचं म्हणताय ते तर मुळीच करू नका. करता येतं, ईसीएमच्या प्रोग्रॅममध्ये तपासणी बंद करता येते, मला पण येतं. गाडी मालकाची असली तरी मी ते करत नाही. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच साध्या मॉडेलमध्ये इमोबिलायझर नव्हता, २०२१-२२ मध्ये पोरांनी कुलपाचं कव्हर फोडून त्या गाड्या पळवायला सुरुवात केली, व्हिडिओ पसरले, आणि लाखो गाड्यांना नंतर सॉफ्टवेअर आणि स्टिअरिंग लॉक वाटत बसावं लागलं. आणि ती २०१५ नंतरची पण मॉडेल होती. तुमची गाडी २००९ ची, स्टिअरिंग लॉक झिजलेलं, कुलूप झिजलेलं, तिला आज राखणारी एकच गोष्ट आहे आणि तीच काढून टाकायला तो सांगतोय. जिथं खरोखर दोष कॉइलच्या वायरमध्ये किंवा कनेक्टरला आलेल्या गंजात असतो तिथं पण लोक इमोबिलायझर बंद करून देतात, कारण दोष शोधायला तास लागतो आणि बंद करायला वीस मिनिटं. बाजारातला अलार्म नंतर बसवलेला असेल तर त्याचा पण वेगळा रिले असतो, तो सेल्फ तोडतो, मग गाडीतली खरी सिस्टिम ठीक असून तिलाच दोष जातो. आधी हे बघायला सांगा.

इन्शुरन्सचं पण आहे. गाडी चोरीला गेली तर क्लेमला विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते, दोन असतील तर दोन्ही. एकच देऊ शकलात तर दुसरी कुठंय हा प्रश्न येतोच. म्हणून चावी हरवली त्या दिवशी पोलिसांत हरवल्याची नोंद करा, आता ऑनलाईन पण होते, पावती जपून ठेवा. तुमची गेल्या वर्षी हरवलीये, तरी आता करा. नवीन चावीचं बिल पण फाईलला लावा, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. पॉलिसीत चावी बदलायचं ॲड-ऑन घेतलंय का ते बघा, बऱ्याच लोकांनी घेतलेलं असतं आणि माहीत नसतं, अर्थात इतक्या जुन्या गाडीला ते मिळालं असेलच असं नाही.

माझ्याकडे किंवा कुणाकडेही जाताना आरसी आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचं ओळखपत्र घेऊन जा, वडिलांना सोबत नेलंत तर उत्तम. कारागिरानं कागद मागितले तर वाईट वाटून घेऊ नका. जो कागद न बघता चावी काढून देतो तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कुणालाही काढून देईल. गाडी आणि जुनी चावी दोन्ही न्या, नुसती चावी नेऊन काम होत नाही असं नाही पण गाडी समोर असली की सगळं तपासून मिळतं.

तिथं गेल्यावर हे ठरवून घ्या, चावी कोडवरून काढणार का घासलेलीवरून, चिप क्लोन करणार का रजिस्टर, हरवलेली पुसणार का, आणि ब्लँक कुठली. पैशाचं बोलणं पातं, चिप, प्रोग्रॅमिंग असं वेगवेगळं करा, म्हणजे कुठं काय लागलं ते दिसतं. रिमोट लागत नसेल तर साधी चिपवाली चावी घ्या, बरीच स्वस्त पडते, तुमची गरज दार आणि इंजिन एवढीच आहे.

काम झाल्यावर तिथंच दोन्ही चाव्यांनी गाडी वेगवेगळी चालू करून बघा, आणि बघताना दुसरी चावी दुकानात टेबलावर ठेवा, खिशात नको. प्रत्येक चावीनं तीन-चारदा, मध्ये इंजिन पूर्ण बंद करून अर्धा मिनिट थांबून. मग दाराच्या कुलपात, डिकीत. स्कॅनरवाल्याला विचारा की मेमरीत आता किती चाव्या दिसतायत, दोनच दिसल्या पाहिजेत. नवीन चावी रोजच्या वापराला घ्या आणि जुनी घासलेली कपाटात ठेवा, तिला त्या धातूच्या पट्टीवरचा नंबर कागदावर लिहून बांधा, आणि पट्टी वेगळ्या ठिकाणी ठेवा. टेस्टला काय झालं ते इथंच कळवा, जुनी चावी चिकटवूनही चालू झाली नाही तर नवीन चावीचं डोकं उघडून आतला फोटो टाका, चिप दिसली तर कुठली आहे ते बघून सांगतो.